कारखान्याच्या कचऱ्याची वीज: बिल कुणाच्या नावावर?

कारखान्यांच्या कचऱ्यापासून वीज करावी की करू नये, हा वाद आपल्याकडे दोनच सुरांत चालतो. एका बाजूला उद्योगांच्या परिषदा आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल. टायर, टाकाऊ प्लास्टिक, सॉल्व्हंटचा गाळ, भट्टीतला तापलेला वायू, सगळं एकाच रकान्यात टाकून वर ‘हरित ऊर्जा’ असं लिहिलं जातं. दुसऱ्या बाजूला कारखान्याशेजारी राहणारी माणसं आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे कार्यकर्ते. त्यांच्यासाठी चिमणी म्हणजे विष, मग आत काय जळतंय, किती तापमानाला जळतंय, हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही बाजू कचरा ही एकच वस्तू असल्यासारखं बोलतात आणि चर्चा तिथेच फसते. माझं म्हणणं असं आहे: अनवीकरणीय औद्योगिक कचऱ्यातून निघणारी वीज ही दुसऱ्यांदा वापरलेली जीवाश्म ऊर्जा आहे. काही ठिकाणी ती जरूर करावी, काही ठिकाणी मुळीच करू नये. पण जिथे करायची, तिथे ती विल्हेवाटीतून हाती लागलेली जोडवस्तू मानावी आणि त्या विल्हेवाटीचा खर्च कचरा करणाऱ्या कारखान्याने टनाप्रमाणे भरावा. घरगुती वीजग्राहकाने तो युनिटप्रमाणे भरण्याचं काहीही कारण नाही.

आधी आकडेवारीतला गोंधळ दूर करू, कारण देशादेशांची तुलना करणारे तक्ते सर्रास चुकीचे वाचले जातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आणि युरोस्टॅट यांच्या हिशेबात ‘औद्योगिक कचरा’ या रकान्यात फक्त जीवाश्म मूळ असलेला आणि थेट जाळलेला कचरा येतो: टायर, प्लास्टिक, रासायनिक अवशेष असा. उसाचं चिपाड, भाताचं तूस, कागद कारखान्याचा काळा द्रव यांची नोंद जैवइंधनात होते. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीचा वायू आणि कोक भट्टीचा वायू यांना वेगळा रकाना आहे. शहरी कचऱ्याचे नवीकरणीय आणि अनवीकरणीय असे दोन भाग करतात आणि ज्या देशाकडे मोजमाप नसतं तिथे सरळ निम्मं-निम्मं धरतात. म्हणजे एखाद्या देशाचा आकडा मोठा दिसला तर तिथे कचरा जास्त जळतो, की फक्त नोंद वेगळ्या पद्धतीने होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ‘अमुक देश इतकी वीज कचऱ्यातून करतो, मग आपण का नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच पहिल्याच पायरीवर लटका पडतो.

आता ‘हरित’ या दाव्याकडे वळू. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक इंधनामागे कार्बन डायऑक्साइड किती धरायचा त्याचे गृहीत आकडे आहेत. एका गिगाज्यूल उष्णतेमागे नैसर्गिक वायूचे ५६ किलो, साध्या बिट्युमिनस कोळशाचे सुमारे ९५ किलो आणि औद्योगिक कचऱ्याचे १४३ किलो. कचऱ्याची जातकुळी बदलली की हा आकडा खालीवर होतो, टाकाऊ तेलाचा ७३ च आहे, पण सरसकट मिश्र औद्योगिक कचरा कोळशाहून वाईट धरला जातो. शिवाय कार्यक्षमता पाहा. कोळशाच्या बऱ्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेच्या ३६ ते ४० टक्के वीज होते. कचऱ्याच्या बॉयलरमध्ये २० ते २५ टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. अभियंते कमी पडतात असं नाही, कारण रासायनिक आहे. पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतं. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम-पोटॅशियमचे क्लोराइड तयार होतात, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर चिकटतात आणि नळीचा पृष्ठभाग साडेचारशे अंशांच्या वर गेला की पोलाद झपाट्याने खातात. म्हणून वाफ साधारण ४० बार आणि ४०० अंश सेल्सिअसवर अडवून ठेवावी लागते, आणि वाफ थंड म्हणजे वीज कमी. गणित मांडलं तर २५ टक्के कार्यक्षमतेला एका युनिटसाठी १४.४ मेगाज्यूल उष्णता लागते, त्यातून दोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशाच्या केंद्रात तोच आकडा एका किलोच्या आत आहे. दुप्पट धूर सोडणाऱ्या विजेला हरित म्हणायचं ते कोणत्या आधारावर?

याच रकान्यात कोंबल्या जाणाऱ्या एका गोष्टीला मात्र मी मनापासून पाठिंबा देतो. ती म्हणजे वाया जाणारी उष्णता आणि वाया जाणारे वायू. चंद्रपूर, नागपूर, वर्धा पट्ट्यातल्या स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोहखनिज न वितळवता कोळशाने केलेल्या कच्च्या लोखंडाच्या, भट्ट्या घ्या. रोज १०० टन स्पंज आयर्न करणाऱ्या फिरत्या भट्टीतून ताशी सुमारे २४ हजार घनमीटर वायू ९०० ते १,००० अंशांना बाहेर पडतो. बॉयलर नसेल तर हा वायू पाण्याच्या फवाऱ्याने थंड करून मग धूळ पकडणाऱ्या ईएसपीत सोडावा लागतो. म्हणजे उष्णताही गेली आणि दुष्काळी भागातलं पाणीही गेलं. बॉयलर बसवला की त्याच वायूवर साधारण दोन मेगावॅट वीज मिळते आणि एक किलोही जादा कोळसा जळत नाही. त्याहून महत्त्वाचं असं की बॉयलर असलेल्या कारखान्याला वायू चिमणीकडे तसाच सोडून देणं परवडत नाही, कारण त्याची वीज त्यातच असते. शेजारच्या गावांना यातून झालेला फायदा विजेपेक्षा मोठा आहे. अडचणी आहेतच. भट्टीनंतरच्या ज्वलन कक्षात तापमान हजाराच्या वर गेलं की राख मऊ होऊन नळ्यांवर थर धरते, वायूतली धूळ नळ्यांची वळणं घासून काढते, आणि भट्टीत मालाचं कडं जमून ती बंद पडली की टर्बाइनही बसतो. पण या देखभालीच्या अडचणी आहेत, माणसाच्या आरोग्यावरचं संकट नव्हे.

सिमेंटमध्ये हेच काम कच्चा माल आधी तापवणाऱ्या प्रीहीटरच्या ३०० ते ४०० अंशांच्या वायूवर आणि क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे, थंड करणाऱ्या कूलरच्या गरम हवेवर होतं. एका टन क्लिंकरमागे २५ ते ३५ युनिट निघतात, म्हणजे रोज ५,००० टनांच्या कारखान्यात सहा-सात मेगावॅट. जपानने हे तंत्र १९८० च्या दशकात रुळवलं, चीनने पुढच्या दोन दशकांत ते आपल्या बहुतेक मोठ्या भट्ट्यांवर चढवलं. झोतभट्टीच्या वायूचं उष्णतामूल्य अगदीच कमी, घनमीटरला ७५०-८०० किलोकॅलरी, तरी त्यावर इंजिनं चालवून वीज करण्याचे प्रयोग युरोपात १८९० च्या दशकात झाले होते. आज गोव्यात आमोण्याला आणि रायगडात डोलवीला हीच वाट आहे. इथे जाळायला नवीन काही आणावं लागत नाही, म्हणून माझा आक्षेप नाही. फक्त तिला ऊर्जाबचत म्हणावं. भट्टीत कोळसाच जळतो आहे, त्यामुळे ती नवीकरणीय होत नाही.

हा फरक किती निर्णायक ठरतो ते महाराष्ट्रातल्याच दोन खटल्यांत दिसतं. वीज कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ई) मध्ये सहवीजनिर्मिती (एकाच इंधनातून वीज आणि कारखान्याला लागणारी उष्णता) आणि नवीकरणीय वीज या दोन्हींना उत्तेजन द्यावं असं म्हटलं आहे. कल्याणजवळच्या शहाडमधल्या सेंच्युरी रेयॉनच्या खटल्यात विद्युत अपील न्यायाधिकरणाने २०१० मध्ये ठरवलं की इंधन कोणतंही असो, सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यावर वेगळी नवीकरणीय वीज घेण्याची सक्ती करता येणार नाही. मग पुढचा प्रश्न आला: जीवाश्म इंधनावरच्या सहवीजनिर्मितीची वीज वितरण कंपनीने नवीकरणीय बंधनाच्या, म्हणजे ठरावीक वाटा नवीकरणीय विजेचा असलाच पाहिजे या सक्तीच्या, खात्यात विकत घ्यावी का? घुग्घुसला कारखाना असलेल्या लॉइड्स मेटल्सच्या खटल्यात, डिसेंबर २०१३ मध्ये, न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने नाही म्हणून सांगितलं. उत्तेजन इतर मार्गांनी द्या, पण नवीकरणीय विजेची जागा तिला देऊ नका. माझ्या मते हा निकाल पूर्णपणे योग्य होता आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. तो उलटा लागला असता तर विदर्भातल्या भट्ट्यांच्या विजेने सौर आणि पवन विजेची जागा कागदावर भरून टाकली असती.

ही भीती काल्पनिक नाही, इटलीत ती प्रत्यक्षात उतरली. १९९२ मध्ये तिथे ‘सिप-६’ नावाचा दरनिश्चितीचा निर्णय झाला. उद्देश चांगला होता: नवीकरणीय विजेला बाजारभावापेक्षा चढा, हमीचा दर. पण त्यात नवीकरणीय स्रोतांच्या शेजारी ‘समकक्ष स्रोत’ असा एक वर्ग घातला गेला आणि सहवीजनिर्मिती, कारखान्यांतली वाया जाणारी उष्णता आणि प्रक्रियांमधले जीवाश्म अवशेष त्यात बसले. परिणाम काय झाला? तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या तळाशी उरणारा जड, डांबरासारखा गाळ वायूरूप करून वीज करणारे प्रचंड प्रकल्प उभे राहिले. सार्डिनियातल्या सारोकला सुमारे ५५० मेगावॅट, सिसिलीतल्या प्रिओलोला ५०० च्या वर, फाल्कोनाराला आणखी एक. तंत्र उत्तम होतं, गंधकही पकडलं जात होतं. पण नवीकरणीय म्हणून वसूल केलेल्या पैशाचा मोठा वाटा या समकक्ष वर्गाकडे गेला, आणि तो इटलीतल्या प्रत्येक घराच्या वीजबिलातल्या अधिभारातून गेला. शुद्धीकरण कारखान्याला एरवी आपला गाळ जहाजांचं इंधन म्हणून स्वस्तात विकावा लागला असता, नाहीतर त्याच्या प्रक्रियेवर स्वतः खर्च करावा लागला असता. तो भार ग्राहकाने उचलला. पुढे नव्या प्रकल्पांसाठी हे दार बंद झालं, पण जुने करार वर्षानुवर्षं चालू राहिले.

दक्षिण कोरियाची गोष्ट याच वळणाची. तिथे दीर्घकाळ कचऱ्यापासूनची वीज ‘नवीन व नवीकरणीय’ ऊर्जेच्या आकड्यात मोठा वाटा उचलत होती आणि तिला प्रमाणपत्रं मिळत होती. प्लास्टिकबहुल गोळी-इंधनाची केंद्रं त्या जोरावर उभी राहिली. नाजू शहरातलं केंद्र २०१७ च्या अखेरीस बांधून तयार झालं, आणि बाहेरून, विशेषतः शेजारच्या ग्वांगजूहून, इंधन आणण्याला रहिवाशांनी केलेल्या विरोधामुळे वर्षानुवर्षं अडकून पडलं. ऑक्टोबर २०१९ पासून कायदा बदलून अनवीकरणीय कचरा या व्याख्येतून काढून टाकला गेला. कोरियाने हे धैर्य दाखवलं, कारण व्याख्या बदलली की देशाचा नवीकरणीय आकडा कागदावर घसरतो आणि कोणत्याही सरकारला ते नको असतं. आपल्याकडे २०१६ च्या दर धोरणात वितरण कंपन्यांनी राज्यातल्या कचरा-वीज प्रकल्पांची सगळी वीज घ्यावी असं म्हटलं आहे. रोख शहरी कचऱ्यावर आहे. पण शहरी कचऱ्याच्या इंधनात कारखान्याचं प्लास्टिक मिसळायला कितीसा वेळ लागतो?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. कचरा आधीच अस्तित्वात आहे. तो जाळला नाही तर तो नाहीसा होत नाही, कुठेतरी पडून राहतो, आणि पडून राहिलेला कचरा जळणाऱ्या कचऱ्याहून घातक ठरू शकतो. हे खरं आहे आणि त्याला पुरावे आहेत. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या तेशिमा बेटावर मोडीत काढलेल्या मोटारींचा चुरा, टाकाऊ तेल आणि गाळ बेकायदा टाकला जात होता. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातला तेव्हा ढीग लाखो टनांचा झाला होता. तो उपसून शेजारच्या नाओशिमा बेटावर वितळवण्याचं काम २००३ मध्ये सुरू होऊन २०१७ पर्यंत चाललं, सार्वजनिक पैशावर. कॅलिफोर्नियात वेस्टली इथे टायरचा डोंगर होता, त्याला लागून १९८७ मध्ये टायरवर चालणारं १४ मेगावॅटचं केंद्र उभारलं गेलं. सप्टेंबर १९९९ मध्ये वीज पडून त्या ढिगाने पेट घेतला, लाखो टायर महिनाभराहून जास्त जळत राहिले, आणि वितळलेलं तेल ओहोळात उतरून तेही पेटलं. नियंत्रित भट्टीत जाळणं याहून हजारपट बरं, यात शंका नाही. जर्मनीने २००५ पासून प्रक्रिया न केलेला कचरा भराव-क्षेत्रात टाकायला बंदी घातली तेव्हा उच्च तापमानाच्या ज्वलनाची गरज वाढली. फ्रँकफर्टजवळच्या ह्योख्स्ट औद्योगिक वसाहतीत मग वर्षाला पावणेसात लाख टन क्षमतेचं कचरा-इंधनाचं केंद्र आलं. ते ७० मेगावॅट वीज करतं, पण त्याचा खरा उपयोग वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांना वाफ पुरवणं हा आहे. वाफ थेट विकता आली की इंधनातली बरीच जास्त उष्णता कामी येते. तेव्हा गरम वाफेचा गिऱ्हाईक कुंपणाआड असेल तिथेच असं केंद्र मला मान्य आहे.

पण या मुद्द्यातून ‘म्हणून वीजकेंद्र बांधा’ हा निष्कर्ष निघतो का? वेस्टलीचं केंद्र बारा वर्षं ढिगाशेजारी उभं होतं, तरी ढीग संपला नव्हता. इंग्लंडमधलं वुल्व्हरहॅम्प्टनचं टायर-वीजकेंद्र १९९३ मध्ये सुरू झालं आणि दशकभरही टिकलं नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या स्टर्लिंगचं केंद्र वीस वर्षांहून जास्त चाललं, वीजदर पडले तसं २०१३ मध्ये बंद झालं. टायरचं उष्णतामूल्य कोळशाहून चांगलं, किलोला साडेसात-आठ हजार किलोकॅलरी, मग अपयश का? कारण टायरमध्ये उष्णतेबरोबर तारही येते, मोटारीच्या टायरमध्ये १० ते १५ टक्के आणि ट्रकच्या रेडियलमध्ये त्याहून बरीच जास्त. ही तार जाळीवर गुंता करून हवा अडवते. दीड टक्का गंधकासाठी चुन्याची यंत्रणा लागते. जस्त तापलेल्या वायूबरोबर उडून बॉयलरच्या थंड नळ्यांवर पांढरा थर धरतं, तो खरवडायला केंद्र बंद ठेवावं लागतं. आणि एवढं करून विकायला काय, तर वीज, जिचा भाव बाजार ठरवतो. तेच टायर सिमेंटच्या भट्टीत टाकले तर तार लोहखनिजाची जागा घेते, गंधक चुन्यात आणि अल्कलीत बांधलं जातं, वेगळी राख उरत नाही. त्याहूनही आधी ट्रकचा टायर वर नवा थर चढवून रिट्रेड होऊ शकतो, भुकटी डांबरात जाऊ शकते. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांतला क्रमही हाच आहे: टाळा, कमी करा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा, मग ऊर्जा. वीजकेंद्राला मात्र पंचवीस वर्षं रोज ठरावीक टन लागतात, आणि ती भूक वरच्या चारही पायऱ्यांच्या विरोधात काम करते.

इथे हमखास विचारलं जातं की वीजदरात सवलत दिली नाही तर कारखानदार हा खर्च कशाला करतील? याचं उत्तर १८६३ मध्ये ब्रिटनने देऊन ठेवलं आहे. लेब्लां पद्धतीने सोडा करणारे कारखाने तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू तसाच हवेत सोडत, आसपासची शेतं आणि झाडं करपून जात. अल्कली कायद्याने त्या वर्षी फर्मावलं की ९५ टक्के वायू पकडलाच पाहिजे, आणि तपासायला निरीक्षक नेमले. कुणी सोडा महाग घेऊन त्यांना भरपाई दिली नाही. पकडलेल्या आम्लापासून ब्लीचिंग पावडर होऊ लागली, आणि पुढे सोडा करण्याच्या नव्या सॉल्व्हे पद्धतीची स्पर्धा आली तेव्हा लेब्लांवाले तगले ते बरेचसे याच जोडउत्पन्नावर. आधी बंधन, मग उपयोग, असा हा क्रम आहे. कोलटारचंही तेच. कोळशापासून गॅस करणाऱ्या कारखान्यांत तो अडचणीचा डांबरी गाळ होता, भट्टीत जाळलाही जात होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने त्याच मालातून जांभळा रंग काढला आणि रंग-औषधांचा अख्खा रासायनिक उद्योग त्यावर उभा राहिला. त्या काळी कोलटार जाळण्याला वीस-पंचवीस वर्षांच्या हमीदराचे करार असते, तर तो प्रयोगशाळेकडे किती वळला असता?

पैसे द्यायचेच असतील तर कशासाठी द्यायचे याचं बरं उदाहरण पेनसिल्व्हेनियात आहे. तिथे शतकभराच्या खाणकामाने टाकाऊ कोळशाचे डोंगर मागे ठेवले, ते आतून धुमसतात आणि आम्लधर्मी पाणी नद्यांत सोडतात. १९७८ च्या संघीय कायद्यानंतर तिथे फिरत्या तरल-थराच्या, म्हणजे इंधन हवेच्या झोतात तरंगत ठेवून जाळणाऱ्या, बॉयलरची केंद्रं आली. राख निम्म्याच्या आसपास असलेलं इंधन, सोबत चुनखडी, तापमान ८५० ते ९०० अंश. उरणारी राख अल्कधर्मी असते, ती जुन्या खाणीत परत भरून आम्ल मारता येतं. २०१६ मध्ये राज्याने जी करसवलत आणली ती जाळलेल्या टाकाऊ कोळशाच्या दर टनाला ४ डॉलर अशी, म्हणजे मोबदला ढीग हटवण्याचा. राज्याच्या ऊर्जा मानकातही हा कोळसा सौर-पवनापासून वेगळ्या, दुसऱ्या वर्गात ठेवला आहे. दोन्ही गोष्टी मला योग्य वाटतात. अलीकडे त्यातल्या काही केंद्रांची वीज बिटकॉइन काढायला जाऊ लागली, तेव्हा ढीग हटवणं बाजूला पडतंय की काय ही शंका तिथेही उठलीच.

सिमेंट भट्टीची बाजू मी घेतली, पण ती सर्वरोगहारी नाही. जर्मनीतल्या लेंगेरिशला १९७९ मध्ये सिमेंट कारखान्याभोवतीच्या बागांत आणि जनावरांत थॅलियम हा विषारी धातू सापडला. लोहाची गरज भागवायला वापरलेल्या औद्योगिक अवशेषातून तो आला होता. थॅलियम आणि पारा क्लिंकरमध्ये बांधले जात नाहीत, वाफ होऊन निघून जातात. ऑस्ट्रियात ग्योर्टशिट्झ खोऱ्यात २०१४ मध्ये दुधात हेक्झाक्लोरोबेन्झीन हे क्लोरीनयुक्त विष आढळलं. जुन्या रासायनिक भरावातला दूषित चुना सिमेंट भट्टीत नष्ट केला जात होता, पण तो जिथून आत सोडायचा ती जागा चुकली. मुख्य ज्वाळेजवळ वायू २,००० अंशांच्या आसपास असतो, तिथे हा रेणू तुटतो. प्रीहीटरच्या वरच्या, थंड टोकाला टाकला तर तो नुसता उकळून चिमणीवाटे गवतावर येऊन बसतो. भट्टी तीच, कचरा तोच, फक्त आत जाण्याचं दार वेगळं. म्हणून परवान्यात ‘सहप्रक्रियेस (सिमेंट भट्टीत कचरा वापरण्यास) मान्यता’ एवढं लिहून भागत नाही. कोणता कचरा, कोणत्या दारातून, ताशी किती किलो, क्लोरीन किती टक्के, पारा किती, आणि भट्टी सुरू-बंद होताना कचऱ्याचा पट्टा आपोआप थांबतो की नाही, हे सगळं लिहिलेलं हवं.

‘आधुनिक तंत्रज्ञान’ या शब्दावर मिटणारी चर्चा तर फारच वरवरची असते. क्लोरीनयुक्त कचरा जळताना होणाऱ्या डायॉक्सिन या जहाल विषाचं पाहा. सुरक्षित ज्वलनाचा नियम सर्वमान्य आहे: ८५० अंशांवर दोन सेकंद, आणि क्लोरीनसारखे हॅलोजन एक टक्क्याच्या वर असलेल्या घातक कचऱ्याला ११०० अंश. पण तुटलेले रेणू वायू थंड होताना ४०० ते २०० अंशांच्या टप्प्यात, राखेतल्या तांब्याच्या साक्षीने पुन्हा जुळतात. यावर उत्तम उपाय म्हणजे वायू पाण्याने क्षणात थंड करणं. वीज हवी असेल तर नेमकं उलटं करावं लागतं, वायू बॉयलरच्या नळ्यांवरून सावकाश न्यावा लागतो. म्हणजे सर्वांत घातक कचऱ्यात वीज आणि सुरक्षितता एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मग सक्रिय कार्बन, कापडी पिशव्यांची गाळणी आणि घनमीटरला शून्य पूर्णांक एक नॅनोग्रॅमची मर्यादा, हे सगळं नंतर निस्तरायचं. आणि हा नॅनोग्रॅम ऑनलाइन मीटरवर दिसत नाही. युरोपात वर्षातून किमान दोनदा नमुना घेतात, बेल्जियमने सलग दोन-दोन आठवड्यांचे नमुने घेण्याची पद्धत आणली ती त्यामुळेच. प्लाझ्मा भट्ट्यांबद्दलही, म्हणजे विजेच्या ठिणगीने प्रचंड तापमान गाठणाऱ्या भट्ट्यांबद्दलही, असंच मोठं बोललं गेलं. टीसाइडला एअर प्रॉडक्ट्सने प्रत्येकी सुमारे ५० मेगावॅटचे दोन प्लाझ्मा वायूकरण प्रकल्प बांधले आणि ते चालवता न आल्याने एप्रिल २०१६ मध्ये या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. सुमारे एक अब्ज डॉलर बुडीत खाती गेले. आपल्याकडे रांजणगावला घातक कचऱ्यासाठी आलेली प्लाझ्मा भट्टी रोज सुमारे ७० टनांची, आणि आखणीतली वीज दीड मेगावॅटच्या आसपास. या आकड्यांकडे नीट पाहिलं तर कुणालाही कळावं की ती उभारण्याचं कारण वीज असूच शकत नाही. खरं कारण ते ७० टन होते.

चिमणीला सरसकट विरोध करणाऱ्यांचा अविश्वास मला समजतो. बंद ठेवलेल्या ईएसपी त्यांनीच रात्री पाहिल्या आहेत. पण सगळं बंद पाडा ही मागणी कचऱ्याला अधिक वाईट ठिकाणी ढकलते. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात टायर तापवून तेल काढणारे कारखाने बघा. तिथे परदेशातूनही टायर येतात, बंद भांड्यात ज्वलनशील वायू असतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका कारखान्यातल्या स्फोटात दोन महिला आणि दोन मुलं गेली. मोठी, तपासता येणारी भट्टी नको म्हटल्यावर टायर अशाच पत्र्याच्या शेडमध्ये जातो. विरोधकांनी मागणी करायची तर जळणाचा तक्ता मागावा. दर महिन्याला कोणत्या कारखान्यातून किती टन आलं, उष्णतामूल्य आणि क्लोरीन किती, बॉयलरखालची राख आणि पिशवीतली राख वेगळी मोजली का, आणि पिशवीतली, म्हणजे खरी विषारी राख, तळोजा, महापे, रांजणगाव की बुटीबोरीच्या भरावात पोचल्याची पावती कुठे आहे.

राज्याच्या वीज नियामक आयोगाने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एकत्र बसून ठरवण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. वाया जाणाऱ्या उष्णतेच्या विजेला कारखान्यात वापरायला पूर्ण मोकळीक आणि ऊर्जाबचतीचं श्रेय द्यावं, नवीकरणीय प्रमाणपत्र देऊ नये. कचरा जाळून केलेली वीज जाळ्यात घ्यायची तर त्या वेळच्या साध्या बाजारभावाने घ्यावी, उरलेला खर्च प्रकल्पाने कचरा पाठवणाऱ्याकडून टनामागे वसूल करावा. जर्मनीने जानेवारी २०२४ पासून कचरा जाळण्यावरही कार्बनची किंमत लावली आहे, ती इथेही याच टनाच्या दरात बसेल. म्हणजे ज्या कारखान्याचा कचरा जास्त जीवाश्म आणि जास्त क्लोरीनयुक्त, त्याला जास्त पैसे पडतील, आणि सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून परत वापरणं त्याच्या हिशेबात बसू लागेल. करारात किमान टनांची हमी नसावी. आज एमआयडीसीतल्या दोनशे कारखान्यांनी कचरा निम्म्यावर आणला तर भट्टी उपाशी राहील म्हणून त्यांना दंड बसेल, असं कलम कुठल्याही मसुद्यात दिसलं तर तो मसुदा जनसुनावणीतच परत पाठवावा.